पेज कॅशे असताना फिल्टर कॅशे कशाला? एका प्रतिक्रियेला उत्तर

सोलर या शोध-सॉफ्टवेअरच्या फिल्टर कॅशेवरील (शोधाला लावलेल्या अटींचे निकाल साठवून ठेवणाऱ्या जागेवरील) माझ्या लेखाबद्दल आपण लिहिता, "ऑपरेटिंग सिस्टीम इंडेक्सच्या फायली रॅममध्ये ठेवतेच, मग या कॅशेचे एवढे स्तोम कशाला? गोव्यात बसून सर्व्हर चालवण्याचे धडे देऊ नयेत." पुढे शिळ्या निकालांची तक्रार आहे आणि आकडे दिले नाहीत हा ठपका आहे. पहिले वाक्य प्रश्न म्हणून आले असते, तर मी आनंदाने उत्तर दिले असते. दुसऱ्याने त्याची केवळ हेटाळणी झाली. पणजीत बसलेल्या माणसाला बिट मोजता येत नाहीत, हा शोध आपण कुठे लावलात?

लहान इंडेक्स, म्हणजे शोधासाठी केलेली शब्दसूची, पूर्णपणे रॅममध्ये मावत असेल, तर फरक थोडाच जाणवेल, हे मला मान्य आहे. परंतु पेज कॅशेत, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम रॅममध्ये ठेवते त्या प्रतीत, असतात ते डिस्कवरचे बाइट, जसेच्या तसे. सोलर ज्यावर उभे आहे ती ल्युसीन ही शोध-लायब्ररी प्रत्येक शब्दाची दस्तऐवज-यादी गटागटांत दाबून ठेवते. ती उलगडणे आणि दोन-तीन याद्यांतील समान दस्तऐवज काढणे हे काम बाइट रॅममध्ये असले, तरी दर शोधाला नव्याने करावेच लागते. नारळ घरात आहे म्हणून खोबरे किसलेले नसते. फिल्टर कॅशे मात्र फिल्टरचा तयार निकालच जपतो आणि त्यासाठी, निकाल मोठा असल्यास, दर दस्तऐवजाला एक बिट घेतो, म्हणजे 10 लाख दस्तऐवजांना सुमारे 122 किलोबाइट. निकालांचा क्रम ठरवणाऱ्या बीएम25 या सूत्राचे गुणांकन त्याने वाचत नाही, आणि तसा दावाही मी केलेला नाही.

हे मी ऐकीव लिहीत नाही. फोंड्यातील एका संस्थेच्या जुन्या नियतकालिकांची शोधयंत्रणा मी अनेक वर्षे सांभाळतो आहे. तेथे मराठी आणि कोंकणी मजकूर देवनागरीतच असल्याने भाषेचा फिल्टर जवळजवळ प्रत्येक शोधात येतो; वाचकांचे शब्द बदलतात, फिल्टर तेच राहतात. पावसाळ्यात वीज जाऊन यंत्र बंद पडले की आपला भरवशाचा पेज कॅशे कोरा होतो. माझाही होतो, पण सोलर सुरू होतानाच 'फर्स्ट सर्चर'च्या (इंडेक्स वाचणाऱ्या पहिल्या शोधकाच्या) नोंदीतून ठरलेले फिल्टर चालवून घेता येतात आणि त्या ओघात लागणाऱ्या फायलीही वाचल्या जातात. हे करून पाहिलेल्या माणसाला 'स्तोम' म्हणताना थोडा संकोच वाटायला हवा होता.

शिळ्या निकालांची भीती निराधार आहे. हा कॅशे त्या-त्या सर्चरशी बांधलेला असतो आणि कमिटनंतर, म्हणजे इंडेक्समधले बदल पक्के केल्यावर, नवा सर्चर उघडला की जुना कॅशे टाकला जातो; मूळ लेखात हे आहे, फक्त तेथवर वाचावे लागते.

राहिले आकडे. माझ्या यंत्राचे आकडे आपल्या कामाचे नाहीत; सोलरच्या व्यवस्थापन पानावर आपलेच हिट रेशो (कॅशेत निकाल सापडण्याचे प्रमाण) आणि इव्हिक्शन (जागेअभावी काढून टाकलेल्या नोंदी) पाहा. हिट रेशो तळाला असेल, तर कॅशेचा आकार वाढवण्याआधी तारखेच्या फिल्टरमध्ये नुसते 'नाऊ' (आत्ताची वेळ) लिहिलेले नाही ना, हे तपासा, कारण त्यात मिलिसेकंद येतात आणि प्रत्येक फिल्टर नवा ठरतो. 'नाऊ/डे' लिहिल्यास वेळ दिवसाच्या सुरुवातीला नेली जाते आणि तोच फिल्टर दिवसभर चालतो.