"त्या कॅन्सरवाल्यांत पुन्हा कशाला जायचं?"

आज सकाळी आमच्या कॅन्सर-पेशंटांच्या आधारगटातल्या एका काकांच्या मुलाचा फोन आला. "बाबांचे रिपोर्ट चांगले आहेत. आता त्या कॅन्सरवाल्यांत बसून तेच तेच कशाला उगाळायचं? यापुढे ते मीटिंगला येणार नाहीत." बाबांना विचारलंत का, एवढं म्हणेपर्यंत फोन ठेवलाही. तेव्हापासून डोकं तापलंय, म्हणून लिहितेय.

काका एसटीतून निवृत्त. गुदाशयाचा कॅन्सर, ऑपरेशन, पोटावर कायमची कोलोस्टॉमी. आतड्याचं टोक पोटावर काढलेलं, तोच स्टोमा. शौच तिथून पिशवीत. ऑपरेशन उत्तम झालं होतं, पण माणूस घराबाहेर पडेना. पिशवी रोज सुटायची, कधी रात्रीतून दोनदा. भोवतीची कातडी सोलवटलेली. लग्नकार्य बंद, देऊळ बंद, नातवाला मांडीवर घेणं बंद. घरच्यांचं निदान काय, तर काकांनी मनाला लावून घेतलंय.

मनाला नव्हतं लागलेलं. भोक चुकत होतं!

गटातल्या एका जुन्या मावशींनी पहिल्याच दिवशी विचारलं, "फ्लँजचं भोक केवढं कापता?" फ्लँज म्हणजे पिशवी पोटाला धरून ठेवणारी चिकट चकती, तिच्या भोकातून स्टोमा बाहेर राहतो. काकांनी डिस्चार्जच्या वेळी मिळालेला मापाचा कागद काढला. घोळ तिथेच होता. ऑपरेशननंतर स्टोमा सुजलेला असतो आणि पुढच्या 6 ते 8 आठवड्यांत आक्रसत जातो. काका जुन्याच मापाने कापत होते. मधली उघडी कातडी शौचाने जळायची, जळलेल्या ओल्या कातडीवर फ्लँज धरायची नाही, मग गळती आणखी वाढायची. भोक स्टोमापेक्षा जेमतेम 2-3 मिलिमीटर मोठं हवं, आणि सुरुवातीचे दोन महिने दर आठवड्याला माप घ्यायला हवं. हे काकांना कुणी सांगितलंच नव्हतं, की सांगितलं ते गुंगीत ऐकलं, देव जाणे.

मग एका ज्येष्ठ सभासदांनी काकांना आतल्या खोलीत नेऊन खुर्चीत बसवून पाहिलं. आडवं पडल्यावर सपाट दिसणाऱ्या पोटाला बसल्यावर स्टोमाच्या खाली वळी पडत होती, गळती तिथूनच. त्या खाचेत पेस्ट भरायची. पण पेस्टमध्ये बहुधा अल्कोहोल असतं, सोललेल्या कातडीवर आग होते. म्हणून आधी स्टोमा पावडर टाकायची आणि जास्तीची झटकायची, नाहीतर फ्लँज पावडरीलाच चिकटते. काकू मायेने खोबरेल लावत होत्या. तेल काय, मलईवाला साबण काय, दोन्ही नकोत. साधं पाणी, टिपून कोरडं करणं, बस. फ्लँज तळहातांत धरून ऊबदार करायची आणि लावल्यावर चार-पाच मिनिटं हात दाबून ठेवायचा. बदलायची ती सकाळी चहाच्या आधी, कारण तेव्हा आतडं शांत असतं. आणि पिशवी एक तृतीयांश भरली की रिकामी करायची. वजनाने ओढ बसते ती बसतेच.

सांगा, यात उगाळणं कुठे आहे?

सर्जनवर माझा राग नाही. त्यांनी जीव वाचवला. पण पिशवी लावून सहा तास एसटीत बसायचं कसं, हे त्यांना कुठून ठाऊक असणार? टाटासारख्या रुग्णालयात स्टोमा क्लिनिक आहे, तिथल्या नर्सना हे सगळं येतं. तालुक्याच्या गावी कोण आहे? तिथे हे माहीत असलेला माणूस म्हणजे दुसरा पिशवीवालाच.

न्यूयॉर्कच्या टेरीज लासर यांनी स्वतःचा स्तन काढल्यानंतर 1952 मध्ये तशाच ऑपरेशनच्या बायकांना भेटायला सुरुवात केली. त्यातून 'रीच टू रिकव्हरी' उभं राहिलं. त्या भेटीला जाताना काय न्यायच्या? हाताच्या व्यायामासाठी रबरी चेंडू आणि दोरी, ब्लाउजमध्ये घालायला तात्पुरता पॅड. नुसता धीर द्यायला जात नव्हत्या त्या.

गटाने आयुष्य वाढतं म्हणाल तर तो दावा मी करत नाही. 1989 मध्ये स्पीगल या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या, स्तनाचा कॅन्सर पसरलेल्या बायकांच्या गटांवरच्या अभ्यासाने तशी आशा दाखवली होती, 2001 च्या मोठ्या अभ्यासात ती टिकली नाही. मनाचा त्रास आणि वेदना मात्र त्यातही कमी झाल्या होत्या. मला तेवढं पुरे आहे.

आणि हो, गटात बिघाडही होतात. कुणी लक्ष्मणफळाचा रस घेऊन येतं, कुणी केमो सोडायला सांगतं. म्हणून औषध, डोस आणि "माझ्या डॉक्टरांनी असं दिलं" यावर बंदी हवीच, मीटिंगला एक नर्स हवी, आणि घरच्यांची बैठक वेगळी हवी. पेशंटसमोर बायको कधीच खरं बोलत नाही. एखादा सभासद गेला की बाकीचे हादरतात, हेही खरं. काहींना चारचौघांत बोलायचंच नसतं. त्यांच्यावर जबरदस्ती नको.

पण काकांना बोलायचं होतं! गेल्या मीटिंगला एका नवीन मुलाला ते स्वतः सांगत होते की प्रवासाला निघताना भोक आधीच कापून ठेवलेल्या दोन फ्लँज हातातल्या सामानात ठेव, उन्हात उभ्या गाडीत ठेवू नकोस, चिकट थर वितळतो. तो मुलगा मान डोलावत लिहून घेत होता. रिपोर्ट चांगले आले म्हणून हेही बंद करायचं?

सकाळी त्या मुलावर ओरडावंसं वाटत होतं. आता वाटतं, तोही घाबरलेलाच असणार. बापाचं आजारपण संपलं असं त्याला मानायचंय. पण कोलोस्टॉमी कायमची आहे. वजन बदलेल, पोटाचा आकार बदलेल, स्टोमाशेजारी हर्निया होऊ शकेल, आणि दर वेळी माप पुन्हा चुकेल.

तर दादा, वाचत असशील तर पुढच्या मीटिंगला बाबांबरोबर तूही ये. आणि पुढच्या वेळी पिशवी बदलाल तेव्हा काढलेली फ्लँज लगेच फेकू नका, उलटी करून तिचा फोटो काढून आणा. चिकट थर ज्या बाजूने विरघळलेला असेल, गळती त्या बाजूने आहे.