साठ हजारची पुडी

आज जरा डोकं फिरलंय, पोस्ट लांबणार, आधीच सांगते.

दुपारी आमच्या मेडिकलच्या दुकानात एमबीबीएसच्या थर्ड इयरची एक मुलगी आली, स्वतःचाच रिपोर्ट घेऊन. व्हिटॅमिन डी ९, म्हणजे फारच कमी. व्हिटॅमिन डीच्या साठ हजार युनिटच्या चार पुड्या द्या म्हणाली. सवयीने विचारलं, कशी घेणार? तर म्हणे "रोज एक ना?" बरं, ही काही मठ्ठ पोरगी नव्हे, अंगात व्हिटॅमिन डी कसं तयार होतं ते, कातडीतलं सेव्हन-डिहायड्रोकोलेस्टेरॉल, मग लिव्हर, मग किडनीतलं वन-अल्फा हायड्रॉक्सिलेज, सगळं धडाधडा म्हणून दाखवलं मला काउंटरवर उभं राहून. आणि ऊन? "सकाळी सहा-सातचं कोवळं, काकू." अगं बाई, तेव्हा यूव्हीबी, म्हणजे कातडीत डी बनवणारे उन्हातले किरण, जवळजवळ नसतातच! आपली सावली आपल्यापेक्षा बुटकी पडते तेव्हाचं ऊन लागतं, अकरा ते दोनच्या आसपासचं, आणि तेही खिडकीच्या काचेआडून चालत नाही. (काकू म्हणाली त्याचं नंतर बघू.)

माझ्या आत्याचं माहितीये ना तुम्हाला? गुडघे दुखतात म्हणून ओपीडीत गेली, एका शिकाऊ डॉक्टरने हीच पुडी लिहून दिली, कागदावर इंग्रजीत 'वीकली', तोंडाने एक शब्द नाही. आत्या सातवी शिकलेली, ताकदीचं औषध म्हणून रोज दुधातून घेत बसली. मोठ्या माणसाची रोजची गरज साधारण ६०० युनिटची, म्हणजे एका पुडीत शंभर दिवसांचा माल, आणि ही बाई रोज एक!

आणि हे बी-कॉम्प्लेक्स नाही की जास्त झालं तर लघवीवाटे गेलं. चरबीत साठतं, महिनोन्‌महिने उतरत नाही. आत्याला आधी बद्धकोष्ठ, मग उलट्या, सारखी तहान, मग बोलण्यात घोळ व्हायला लागला. सगळे म्हणाले वय झालं. शेवटी एका फिजिशियनने रक्तातलं कॅल्शियम तपासलं तेव्हा कळलं, डी जास्त झाल्याने तेही भलतंच वाढलेलं. क्रिएटिनिन वाढलेलं, म्हणजे किडनीलाही त्रास, सलाईनवर सलाईन.

कुणी म्हणेल, मेडिकलवाल्यानेही सांगायला हवं होतं. बरोबर आहे, हवंच होतं. पण लिहिणाऱ्याचं काय?

मला राग त्या पोरांचा नाही येत खरं तर. येतो, पण कमी. एकोणीस विषय, वॉर्ड, लायब्ररी, होस्टेल, दिवसा ऊन बघायला मिळतच नाही त्यांना, मग स्वतःचंच डी ९ येणार नाही तर काय होणार. त्या मुलीच्या डोळ्याखाली काळं झालेलं, वडापाव खाऊन आली होती, तेच जेवण. तिला म्हटलं आठवड्यातून एकच, जेवणानंतर घे, पोटात थोडं तेल-तूप असलं की नीट शोषलं जातं. तर वहीत लिहून घेतलं तिने! सहावं सेमिस्टर चालू आहे आणि हे तिला मी सांगायचं?

२०१९ पासून अभ्यासक्रमात पेशंटशी बोलायचं शिकवायला घेतलंय, मान्य. चांगलंय. पण परीक्षेला विचारतात एन्झाइम. आत्याच्या भाषेत 'रविवारी एक पुडी, बाकी दिवस हात लावायचा नाही' असं म्हणून दाखव, याला किती मार्क?

आणि हे टेस्टचं खूळ वेगळंच, धडधाकट माणसं फुल बॉडी पॅकेज करून डी २२ आलं म्हणून घाबरून पुड्या मागायला येतात. २०२४ मध्ये अमेरिकेच्या एंडोक्राइन सोसायटीने, म्हणजे हार्मोनवाल्या डॉक्टरांच्या संघटनेने, स्वतःच सांगितलं की निरोगी माणसाची उगाच सरसकट तपासणी नको, ३० च्या वर असायलाच हवं हा हट्टही त्यांनी सोडला. पोरीला विचारलं, हे ऐकलंस का? नाही. तिच्या नोट्स जुन्या, सीनियरच्या.

आत्या आता ठीक आहे, किडनी तेवढी जपावी लागते. गुडघे अजून दुखतातच.

मी हल्ली प्रत्येक पुडीवर मार्करने मराठीत 'फक्त रविवार' लिहून देते. मागे रांग लागते, लोक वैतागतात, आमचे हे म्हणतात धंद्याचा टाइम घालवतेस. घालवते.