मॅग्नेट विकताय की अख्खं बेट?

बालीच्या एअरपोर्टवर सिक्युरिटी ओलांडली की माणसाचं एटीएम होतं का हो? गेटकडे सरळ जायची सोयच नाही, परफ्युम आणि दारूच्या बाटल्यांमधून नागमोडी फिरत जायचं आणि मग ती दुकानं. इवलासा फ्रीज मॅग्नेट, त्यावर बारोंगचं, म्हणजे बालीच्या त्या सिंहासारख्या राखणदार देवाचं तोंड, एका डोळ्याचा रंग पार नाकापर्यंत ओघळलेला, आणि किंमत 75,000 रुपिया!! म्हणजे आपले चारशेच्या आसपास. सुकावतीच्या बाजारात घासाघीस केली की हाच दहा हजारात देतात, वर हसतात पण. इथे भाव करायला जावं तर काउंटरवरची पोरगी नुसतं बारकोडकडे बोट दाखवते.

बरं, बाहेरून खोबरेल तेल आणलं तर 100 मिलीच्या वर आहे म्हणून काढून घेतलं, आणि आत तेच तेल काथ्या गुंडाळून तिप्पट भावात. आता चालतं होय?

स्वस्तात उरतं काय, तर लाकडी बॉटल ओपनर. त्याचा आकार इथे सांगत नाही, जाऊन आलेल्यांना माहितीये, तो काय सासूबाईंच्या हातात ठेवू? लुवाक कॉफी घ्यावी तर उदमांजराच्या विष्ठेतून निघालेल्या बियांची चिमूटभर पुडी, त्यालाही सोन्याचा भाव. तिकडे आत्याचा मेसेज, "काही आणू नका हं", म्हणजे आणाच.

आणि खिशात उरलेली ती रुपियाची नाणी? मनी एक्स्चेंजवाला घेत नाही, दुकानात त्यात काही येत नाही. लोणचं घालू का त्यांचं?