कामी येते

माळा उतरवायची, म्हणजे त्यावरचं सामान खाली काढायची, आठवण आमच्याकडे नेमकी सोयाबीन सोंगायच्या दिवसांत होते. मजूर मिळत नाही, कापूस पहिल्या वेच्याला आलेला, दिवाळी तोंडावर, आणि घरातून हुकूम सुटतो, "निसनी लावा." निसनी, म्हणजे शिडी, लागते. मग वरून कोणतीही वस्तू खाली दाखवा, उत्तर एकच, "राहू दे ना बापा, कामी येते." येते! व्याकरणात हा वर्तमानकाळ, माळ्यावर मात्र वीस वर्षं भविष्यकाळ.

सकाळी सहालाच चढा. अकरापर्यंत टिनाखालचा माळा तव्यासारखा तापतो, आणि तापलेला माणूस एक तर सगळं फेकतो, नाहीतर सगळं ठेवतो. पोत्यात हात घालण्याआधी काठीनं बडवा. तिथं विंचवाचा ताबा आपल्यापेक्षा जुना असतो. उंदराच्या लेंड्यांवर आधी पाणी शिंपडा, मग फडा फिरवा. कोरडं झाडलं की ती धूळ थेट नाकात.

पहिला थर खताच्या पोत्यांचा. युरियाची बॅग 2018 मध्ये 50 ची 45 किलोची झाली, त्यामुळे थराचा काळही ठरवता येतो. एकेक पोतं मुठीत चुरगाळायचं. हातात भुसा उरला तर ते उन्हानं खाल्लेलं, बाजूला टाका. धड निघालेल्यांतली वीस ठेवा, वीसच. आणि ती कापसाला वापरू नका. पोत्याचा प्लास्टिकचा धागा कापसात मिसळला की जिनिंगमध्ये सरकी निघते, धागा निघत नाही. तो सुतात जातो, कापडात जातो, आणि रंग धरत नसल्यामुळे रंगवलेल्या कापडावर ठिपका होऊन बसतो. कापसाचा भाव पाडायला व्यापाऱ्याला निमित्त हवंच असतं, ते आपण घरच्या माळ्यावरून पुरवतो.

मग पितळ. इथं माणसं हळवी होतात, काम अर्धा तास थांबतं. गुंडावर, म्हणजे पाण्याच्या मोठ्या भांड्यावर, कोणाचं नाव टाकलंय यावरून दोन पिढ्यांची लग्नं निघतात. ते चालू द्या, तोवर तुम्ही गंजाच्या, म्हणजे पातेल्याच्या, आत बघा. चंदेरी दिसलं तर कल्हई शाबूत. पिवळं दिसलं तर त्यात ताक, कढी, चिंचेचं काही ठेवायचं नाही; आंबटानं पितळ कळकतं. कल्हई म्हणजे कथील. भांडं तापवून, नवसागर टाकून कापसाच्या बोळ्यानं फिरवायचं. कथील 232 अंशालाच वितळतं, म्हणून रिकामं भांडं चुलीवर विसरलं की कल्हई गेली. कल्हईवाला आता गावाकडे फारसा फिरकत नाही. मला विचाराल तर मोठा गुंड खाली काढून न्हाणीत अंघोळीचं पाणी तापवायला लावा, तिथं कल्हईची अडचण नाही. वर ठेवलेलं पितळ म्हणजे कबाडीवाल्याच्या मालाची बिनपगारी राखण.

कबाडीवाला येण्याआधी ढीग वेगळे करा: तांबं, पितळ, जर्मन म्हणजे अॅल्युमिनियम, लोखंड. एकत्र दिलं तर सगळंच लोखंडाच्या भावात जातं. चुंबक फिरवा, पितळ म्हणून ठेवलेल्या समईला तो चिकटला तर वर नुसता मुलामा आहे, भांडू नका. जळालेल्या मोटारीची तार ब्लेडनं खरवडा: आत लाल निघाली तर तांबं, पांढरी निघाली तर अॅल्युमिनियम. काटा रिकामा असताना शून्य दाखवतो का ते बघा, मग घरातले एकेक किलोचे पाच मिठाचे पुडे त्यावर ठेवा. एका पुड्यानं मोठ्या काट्याचा खोट कळत नाही. पुडे ठेवताना चहा विचारा, म्हणजे संशय दिसत नाही.

फवारणीच्या रिकाम्या डब्यांना मात्र "कामी येते" लावायचंच नाही. फवारतानाच डबा तीनदा खंगाळून ते पाणी पंपात ओतायचं आणि तळाला भोक पाडायचं. भोक नसलेला डबा कुणाच्या तरी घरी तेलाला लागतो.

शेवटी आहेराची पेटी. ब्लाऊजपीस, टोप्या, दुपट्टे. 80 सेंटिमीटरचा हा तुकडा शिवायला घेतलेला मी अजून पाहिला नाही. तो चलनात असतो. उजेडात धरा. घडीवर विरला असेल किंवा कांजीच्या वासानं कसर लागली असेल तर चलनातून बाद, पुसायला घ्या. बाकीच्यांना चिठ्ठी टाचा: गाव, घर, साल. चिठ्ठीविना तुकडा फिरून मूळ घरी जातो, आणि तिथल्या बायका काठावरून ओळखतात. तोंडावर काही म्हणत नाहीत. पुढच्या लग्नात तोच तुम्हाला परत येतो.

सगळं झालं की निसनी त्याच दिवशी काढा. भिंतीला टेकलेली राहिली तर संध्याकाळपर्यंत नव्या मिक्सरचं खोकं वर चढतं. गोठ्यात नेऊन आडवी बांधा, सुतळीच्या तीन गाठी मारून. आमच्याकडे त्या गाठी सोडायला कुणी बसत नाही. आतलं थर्माकोलसुद्धा न काढता खोकं सरळ दिवाणाखाली सरकवतात.