‘सगळं ऑनलाइन’ म्हणजे नेमकं काय?

लेख आवडला, पण ‘कॅरिबियन पूर्वजांची कागदपत्रं आता घरबसल्या मिळतात’ हे वाक्य जरा सरसकट झालंय. बेट कोणाच्या ताब्यात होतं, यावर सगळं अवलंबून आहे. डॅनिश अभिलेखागाराने २०१७ मध्ये, डेन्मार्कची बेटं (आजची यूएस व्हर्जिन आयलंड्स) अमेरिकेला विकल्याला शंभर वर्षं झाली तेव्हा, लाखो पानं स्कॅन करून मोफत टाकली. पण ती डॅनिशमध्ये, तीही जुन्या वळणाच्या हस्ताक्षरात. नाव टाइप केलं आणि पणजोबा सापडले, असं होत नाही!

जमैकाचं उदाहरण घ्या. जन्म-मृत्यूच्या सरकारी नोंदी फॅमिलीसर्च या वंशावळीच्या साइटवर फुकट बघता येतात, पण त्या साधारण १८८० च्या आसपास सुरू होतात. त्याआधी चर्चची बाप्तिस्मा-पुस्तकं. आणि १८३४ च्या, म्हणजे ब्रिटिश वसाहतींतली गुलामगिरी संपली त्या वर्षाच्या, मागे जायचं तर गुलामांची रजिस्टरं, म्हणजे अँसेस्ट्री या दुसऱ्या वंशावळीच्या साइटवरचा मोफत संग्रह. तिथे खरी गोची होते. माणूस मालकाच्या नावाखाली नोंदलेला. बहुतेकदा नुसतं पहिलं नाव, वय, कातडीचा रंग, आफ्रिकेत जन्मलेला की बेटावरच, आणि नशीब असेल तर आईचं नाव. म्हणजे आधी मालक शोधा, मग आपला माणूस.

सुरिनाम या जुन्या डच वसाहतीतल्या भारतीय वंशाच्या लोकांचं त्या मानाने बरंच सोपं. १८७३ पासून आलेल्या गिरमिटियांची (करारावर आणलेल्या मजुरांची) यादी डच राष्ट्रीय अभिलेखागाराच्या साइटवर शोधता येते. जहाज, वय, गाव, बापाचं नाव, सगळं एका ओळीत. फक्त स्पेलिंगं कारकुनांच्या कानावर बेतलेली आहेत, तेव्हा दोन-चार प्रकारे टाइप करून बघा.