इन्सुलेट केलेली केबिन, कुठलाही हीटर?

"बागेतली केबिन इन्सुलेट केली की हीटरचा फार विचार करायचा नाही. बिनधुरांड्याचा गॅस हीटर सगळ्यात स्वस्त. गॅस नको असेल तर तेलाचा रेडिएटर घ्या, तो कमी वीज खातो. दिवसरात्र मंद चालू ठेवा, बिल कमी येतं. वायरिंगचा खर्चही नको, घरातून एक्स्टेंशन ओढा." अशा अर्थाचा सल्ला बराच फिरतो आहे. इन्सुलेशन केल्याने काम सोपं होतं, एवढं त्यातलं खरं. बाकीचं तपासून पाहू.

गॅसचा सल्ला यात सगळ्यात घातक. 1 किलो प्रोपेन जळला की सुमारे 1.6 किलो पाणी वाफ होऊन बाहेर पडतं. 4 किलोवॅटचा हीटर पूर्ण जोरात तासाला साधारण 300 ग्रॅम गॅस घेतो, म्हणजे दर तासाला जवळपास अर्धा लिटर पाणी. धुरांडंच नसल्यामुळे ते खोलीत राहतं आणि काच, धातूची चौकट, कोपरे अशा थंड जागी जमतं. हे दिसतं तरी, पुसता येतं. भिंतीच्या आतलं दिसत नाही. सॉकेटच्या खोक्यापाशी किंवा स्क्रूच्या भोकापाशी आतल्या बाजूचा प्लास्टिकचा बाष्परोधक थर फाटलेला असतो. तिथून वाफ इन्सुलेशनमध्ये शिरते, बाहेरच्या गार फळीवर तिचं पाणी होतं आणि फळी आतून कुजू लागते.

शिवाय कार्बन मोनॉक्साइड. केबिन जितकी हवाबंद, तितका ऑक्सिजन लवकर घटतो आणि गॅस अर्धवट जळू लागतो. या वायूला ना रंग, ना वास. म्हणून असा हीटर लावायचा तर भिंतीला कायमचा उघडा झरोका हवा, आणि तो ठेवला की इन्सुलेशनचा बराच फायदा त्याच वाटेने निघून जातो. अलार्म जीव वाचवेल, ओल थांबवणार नाही.

धुरांड्याची लाकडाची शेगडी या बाबतीत बरी, पण तिची अडचण आकाराची आहे. ती कळायला केबिनला उष्णता लागते किती, याचा हिशेब करावा लागतो. खरं तर सुरुवात तिथूनच व्हायला हवी.

समजा, केबिन 4 बाय 3 मीटर, उंची 2.4. भिंतीत 50 मिलिमीटर पीआयआर फोम (उष्णता अडवणारा कडक फोम), छतात थोडा जास्त, खिडक्या-दार मिळून 5 चौरस मीटर, दुहेरी काच. आतबाहेर 1 अंशाचा फरक असताना भिंतींतून साधारण 11 वॅट जातात, छतातून 4, जमिनीतून 5, काचांतून 8. हवा तासाला एकदा बदलते असं धरलं तर आणखी 9 ते 10. एकूण 37 ते 38 वॅट. 5 चौरस मीटर काच ही 28 चौरस मीटर भिंतीच्या पाऊणपट उष्णता घालवते, हे लक्षात घ्या. जास्तीच्या खिडकीचा मोह तिथे आवरावा. बाहेर 0 आणि आत 20 अंश असेल तर तापमान टिकवायला 750 वॅट पुरतात. थंडगार केबिन लवकर तापवायची म्हणून दुप्पट धरा: दीड ते 2 किलोवॅट. लहान शेगडीही बहुधा 3-4 किलोवॅटची असते. मग खोली भट्टी होते, लोक हवेची झडप बंद करतात, लाकूड धुमसतं आणि धुरांड्यात डांबर साचतं. धुरांड्याला लागणारी आग बहुधा याच डांबराची असते.

आता "तेलाचा रेडिएटर कमी वीज खातो". तेलाचा असो, ब्लोअर असो वा इन्फ्रारेड पॅनेल, 1 युनिट विजेतून 1 युनिटच उष्णता मिळते. तेल उशिरा तापतं, उशिरा निवतं, एवढाच फरक. तासाभराच्या कामासाठी ते तोट्याचंच: उठून जाताना तो छान तापलेला असतो. तिथे टेबलासमोर इन्फ्रारेड पॅनेल बरा, कारण हवा गार असली तरी माणसाला ऊब लागते.

कमी विजेत जास्त उष्णता फक्त हीट पंप देतो, म्हणजे गरम-थंड इन्व्हर्टर एसी. बाहेर 7 अंशांच्या आसपास तो 1 युनिटमागे 3 किंवा अधिक युनिट उष्णता देतो. थंडी वाढली की हे प्रमाण घटतं. रोज सहा-आठ तास बसणार असाल तरच घ्या. घेताना किमान क्षमता विचारा. ती 1 किलोवॅटच्या वर असेल तर सौम्य थंडीत तो सारखा चालू-बंद होत राहील. बाहेरचं युनिट पातळ लाकडी भिंतीला टांगू नका, आतली खोली घुमते. जमिनीवर स्टँड करा आणि खाली पाणी वाहून जायला वाट ठेवा, कारण गरम करताना पाणी बाहेरच्या युनिटमधून गळतं आणि कडाक्यात गोठतं.

दिवसरात्र चालू ठेवण्याचा हिशेब तर सरळ उलटा पडतो. बाहेर 5 अंश, आत 20, रात्रीचे 14 तास: जवळपास आठ युनिट. बंद केबिन मात्र फळ्या, जमीन आणि सामानात साठलेलीच उष्णता गमावू शकते, आणि या आकाराच्या लाकडी केबिनमध्ये ती साधारण साडेतीन युनिट भरते. सकाळी तेवढीच परत भरायची. टायमर थोडा आधी लावा. आत वाद्यं किंवा संगणक असतील तर थर्मोस्टॅट 7-8 अंशांवर ठेवा, दव धरण्याचा धोका कमी होतो.

एक्स्टेंशनचं म्हणाल, तर 2 किलोवॅटचा हीटर 230 व्होल्टला पावणेनऊ अँपिअर ओढतो, तोही तासन्‌तास. गुंडाळलेल्या रिळातली वायर स्वतःच्याच उष्णतेने वितळू शकते. 30 मीटर अंतराला 1.5 चौरस मिलिमीटर तांब्याच्या वायरीत साडेसात व्होल्ट वाटेतच कमी होतात, 2.5 च्या वायरीत पावणेपाच. जमिनीखालून आर्मर्ड (धातूच्या चिलखताची) केबल, घरच्या बोर्डात वेगळा एमसीबी (जादा प्रवाह झाला की वीज तोडणारा स्विच) आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की तोडणारा स्विच) हवा. हीट पंप नंतर बसवायचा विचार असेल तर चर बुजवण्याआधीच 4 चौरस मिलिमीटरची केबल टाका.