सहाशे रुपयांचा माऊथ ऑर्गन आणि बिघडणारा कान : एका प्रतिक्रियेला उत्तर

सस्नेह नमस्कार.

शिकणाऱ्याने पहिलाच माऊथ ऑर्गन चार हजार रुपयांचा घेण्याची गरज नाही, सहा-सातशे रुपयांचा पुरतो, असे मी मागच्या लेखात लिहिले होते. त्यावरची आपली प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. आपले आक्षेप मला समजले ते असे : स्वस्त वाद्य बेसूर असते आणि त्यामुळे नवशिक्याचा कान कायमचा बिघडतो, त्यातून हवा गळते, म्हणून मूल धापा टाकते आणि वाद्य कोपऱ्यात पडते, अखेर चांगले वाद्य घ्यावेच लागते, म्हणजे खर्च दोनदा होतो, आणि स्वतः महागडी वाद्ये बाळगून इतरांना ‘खिळे ठोकलेला डबा’ घ्या म्हणणे हा दांभिकपणा आहे. आपल्या भाच्याच्या स्वस्त वाद्याचे दुसरे छिद्र वाजतच नव्हते आणि नवे वाद्य घेतल्यावर ते वाजू लागले, हा दाखलाही आपण दिला आहे.

दांभिकपणाचे आधी आटोपतो. माझ्याकडे आज तीन महागडी वाद्ये आहेत, हे खरे आहे. पहिली नऊ वर्षे मात्र माझ्याकडे एकच चिनी बनावटीचे वाद्य होते आणि मी जे काही शिकलो त्यातले बहुतेक त्याच्यावरच शिकलो. तेव्हा सल्ला देताना मी निदान ऐकीव माहितीवर बोलत नव्हतो.

कानाचा मुद्दा गंभीर आहे आणि त्याला सविस्तर उत्तर द्यायला हवे. पेटीवरच्या पांढरी एक ते काळी एक या शेजारच्या स्वरांमधल्या अंतराचे शंभर भाग केले, तर त्यातल्या एका भागाला सेंट म्हणतात. तंबोऱ्याच्या षड्जाशी एकजीव होणारा शुद्ध गंधार त्या षड्जापासून सुमारे ३८६ सेंटवर असतो, तर पेटीत किंवा कीबोर्डमध्ये सप्तकाचे बारा सारखे भाग केलेले असल्यामुळे तो ४०० सेंटवर बसतो. म्हणजे पेटीचा गंधार मुळातच १४ सेंटने चढा असतो. १९४० साली ऑल इंडिया रेडिओने पेटीवर बंदी घातली आणि ती तीसएक वर्षे टिकली, त्यामागच्या आक्षेपांत हाही एक आक्षेप होता. आता ज्या परदेशी माऊथ ऑर्गनची आपण शिफारस करता, त्यांतील कित्येक याच समान विभागणीने जुळवलेले असतात. काही मॉडेलांत मात्र तीन स्वर एकत्र वाजवले असता गोड लागावेत म्हणून गंधार मुद्दाम उतरवलेला असतो. तेव्हा कान बिघडण्याची भीती १४ सेंटपासून सुरू होत असेल, तर ती चार हजारांच्या वाद्यालाही लागू पडते आणि आपल्याकडच्या घराघरांतल्या पेटीलाही. आपण पेटीवर गाणे शिकलेल्यांचे कान बिघडले असे म्हणणार नाही, असे मी धरून चालतो.

तरीही आपल्या आक्षेपात तथ्य आहे, आणि ते कोठे आहे हे पाहण्यासाठी परवा रात्री मी दोन वाद्ये टेबलावर उघडून ठेवली. दोन्ही दहा छिद्रांची आणि पांढरी एकची. एक मला ६५० रुपयांना मिळालेले, दुसरे ३,९०० रुपयांचे. मोबाइलवर स्वर मोजण्याचे अॅप लावले आणि चौथ्या छिद्रापासून सातव्यापर्यंतचे सप्तक, म्हणजे फुंकून सा, ओढून रे, फुंकून ग, ओढून म, फुंकून प, ओढून ध, आणि सातव्यावर क्रम उलटतो म्हणून आधी ओढून नी व मग फुंकून सा, असे सावकाश वाजवले. महागड्या वाद्याचे आठही स्वर आपापल्या जागेपासून तीन-चार सेंटांच्या आत होते. स्वस्तातले सात स्वर पाच-सहा सेंटांच्या आत होते. धैवत मात्र ११ सेंटने उतरलेला होता, आणि तो नुसत्या कानालाही कळत होता.

मग मी स्वस्त वाद्याच्या खालच्या पत्र्याचे दोन बारीक स्क्रू काढले. ओढून वाजणारी रीड, म्हणजे हवेने थरथरून स्वर देणारी पितळेची बारीक जीभ, खालच्या पितळी पट्टीवर बाहेरच्या अंगाला असते, त्यामुळे ती लगेच हाती येते. सहाव्या छिद्राच्या रीडखाली जुन्या एक्स-रे फिल्मचा अरुंद तुकडा सरकवला आणि रीडच्या मोकळ्या टोकाशी ब्लेडच्या अणीने तीन-चार वेळा अगदी हलके खरवडले. टोकाकडचे पितळ कमी झाले की स्वर चढतो आणि रीड जेथे पट्टीला जखडलेली असते त्या रिव्हेटजवळचे कमी झाले की उतरतो. पेटी जुळवणारे कारागीर हेच करतात, आणि मी हे शिकलो तेही एका पेटी दुरुस्त करणाऱ्या गृहस्थांकडूनच. वाजवून पाहिले, पुन्हा दोनदा खरवडले, आणि धैवत जागेवर आला. या सगळ्याला वीस मिनिटे लागली. नवशिक्याने पहिल्याच आठवड्यात हे करावे असे माझे म्हणणे नाही, कारण हात जड पडला तर रीड कामातून जाते. मला दाखवायचे आहे ते एवढेच की दोन्ही वाद्यांत रीड पितळेचीच होती, आवाज निघण्याची रीतही एकच होती, आणि जो फरक होता तो कारखान्यात एकेका नगावर किती वेळ दिला गेला याचा होता.

माझ्या मते सगळा वाद येथेच सुटतो. महागडे वाद्य घेताना आपण कंपनी निवडतो आणि त्या कंपनीचा कोणताही नग बहुधा चांगला निघतो, म्हणजे जास्तीचे पैसे आपण पारखण्याच्या कटकटीतून सुटण्यासाठी मोजतो. स्वस्तात मात्र नग निवडावा लागतो. एकाच खोक्यातल्या दहा नगांपैकी काही उत्तम निघतात आणि एखादा टाकाऊ असतो. मी स्वतः एकदा घरबसल्या मागवलेल्या वाद्याचा वरचा निषाद मुका निघाला होता, आणि ते परत पाठवण्याच्या खटपटीत जो वेळ गेला त्यात मी दोन गाणी बसवली असती. मूळ लेखात हा नगाचा मुद्दा मी लिहिला नाही, ही माझी चूक आहे.

हवा गळण्याविषयी आपण जे लिहिले आहे, त्यात दोन वेगवेगळ्या गोष्टी एकत्र झाल्या आहेत. पितळी पट्टी आणि मधला सांगाडा यांच्यात फट राहिली तर हवा खरोखर गळते, आणि स्वस्त वाद्यांत हे अधिक घडते. पण पुष्कळदा गळती नसतेच. रीडचे टोक पट्टीपासून जरा जास्त उचललेले असते, त्यामुळे ती हलायला भरपूर श्वास लागतो. टोक फार खाली दबलेले असेल तर उलटे होते : हळू वाजवले की छान वाजते आणि जोर लावला की रीड गुदमरते. दोन्ही दोष नखाच्या हलक्या दाबाने सुधारता येतात, आणि ते मला महागड्या वाद्यांतही भेटले आहेत.

आपल्या भाच्याच्या दुसऱ्या छिद्राबद्दल मात्र मला वेगळीच शंका आहे. दहा छिद्रांच्या वाद्यावर दुसरे छिद्र ओढून वाजवणे ही जवळजवळ प्रत्येक नवशिक्याची अडचण असते. तोंड आवळलेले असले आणि हवा गालांनी खेचली की ती रीड घुसमटते किंवा स्वर खाली घसरतो, आणि मुलाला वाटते की वाद्यच बिघडले आहे. चांगल्या वाद्यावर हे घडत नाही असे नाही. नवे वाद्य हाती आले तोवर त्याचा सराव काही आठवड्यांचा झालेला असणार. त्यामुळे छिद्र वाजू लागले याचे श्रेय नक्की कोणाला द्यावे, हे मला ठरवता येत नाही.

‘खिळे ठोकलेला डबा’ हे शब्द मला थोडे लागले, हे मान्य करतो. पण त्यामागचे कारण आपल्याला रुचेल. जर्मनीतल्या ट्रॉसिंगेन गावी माथियास होनर यांनी १८५७ मध्ये माऊथ ऑर्गन बनवायला सुरुवात केली. त्यांच्या कंपनीचे १८९६ चे ‘मरीन बँड’ हे वाद्य नाशपातीच्या लाकडाच्या सांगाड्यावर पितळी पट्ट्या खिळ्यांनीच ठोकून बनवलेले होते. अमेरिकेत ते सामान्य माणसाच्या खिशाला परवडणारे वाद्य होते, म्हणूनच ते ब्लूज हे आफ्रिकी-अमेरिकी संगीत वाजवणाऱ्या गरीब वादकांच्या हाती गेले, आणि लिटल वॉल्टरसारख्यांनी त्यातून जे काढले ते आज जगभर अभ्यासले जाते. आज आपण ज्याला महागडे म्हणतो, ते त्या काळचे स्वस्तच होते.

लाकडाचा विषय निघालाच आहे, तर आणखी एक सांगतो. लाकडी सांगाड्याचे एक परदेशी वाद्य मी एकदा हौसेने घेतले आणि पावसाळ्यात कोकणात नेले. आठ दिवसांत लाकूड फुगून पट्ट्यांच्या बाहेर आले आणि वाजवताना ओठ सोलवटू लागला. त्याच सहलीत खिशात असलेले प्लॅस्टिकच्या सांगाड्याचे स्वस्त वाद्य मात्र निमूटपणे वाजत राहिले. परदेशी कंपन्याही प्लॅस्टिकचा सांगाडा वापरतातच. होनरचेच ‘स्पेशल ट्वेंटी’ तसे आहे आणि आपल्या हवेला तेच अधिक मानवते.

दुप्पट खर्चाचे गणित कोणत्या प्रकारचे वाद्य घ्यायचे आहे यावर अवलंबून आहे, आणि येथे मी आपल्या बाजूला येतो. आपल्याकडे दुकानांत सर्वांत जास्त दिसतो तो चोवीस छिद्रांचा, थरथरत्या आवाजाचा ट्रेमोलो प्रकार. त्यात प्रत्येक स्वराला किंचित वेगळ्या जुळवलेल्या दोन रीड असतात. एक सेकंदाला ४४० वेळा आणि दुसरी ४४३ वेळा कंप पावत असेल, तर सेकंदाला तीन लहरी ऐकू येतात. भावगीते आणि जुनी चित्रपटगीते सरळ सुरांत वाजवायला हा प्रकार उत्तम आहे, आणि त्यात स्वस्त नगही चांगले निघतात. लहरींचा वेग स्वरागणिक फार बदलत नाही ना, एवढे पाहावे. ज्याला दहा छिद्रांवर स्वर वाकवून, म्हणजे श्वासाने मुद्दाम खाली उतरवून, ब्लूज वाजवायचे आहे, त्याने मात्र वर्षभरात चांगल्या वाद्याकडे जावे, कारण स्वर वाकताना एकाच घरातल्या फुंकण्याच्या आणि ओढण्याच्या अशा दोन्ही रीड एकमेकींना साथ देत असतात आणि तेथे ढिलाई चालत नाही. शिवाय ओढून वाजणारी चौथी आणि पाचवी रीड अशा वादनाने थकते व उतरते, मग वाद्य कितीही किमतीचे असो. टोम्बो ही जपानी कंपनी बनवते त्या ‘ली ऑस्कर’ वाद्यांच्या रीडच्या पट्ट्या सुट्या मिळतात. स्वस्त वाद्याला ही सोय नसते. हा मुद्दा आपल्या प्रतिक्रियेत असता तर मला अधिक अडचणीचा झाला असता.

आणि बटण दाबून कोमल-तीव्र स्वर देणाऱ्या क्रोमॅटिक प्रकारात स्वस्त वाद्य घेऊच नये. बारा छिद्रांच्या त्या वाद्यात ४८ रीड आणि वर सरकती पट्टी असते. ती पट्टी घट्ट बसली नाही तर प्रत्येक स्वरात फुसफुस ऐकू येते, आणि तिला घरगुती उपाय नाही.

मूळ लेखातले वाक्य मी आज बदलले आहे. आता तेथे ‘दुकानात पारखून घेतलेला सहा-सातशे रुपयांचा ट्रेमोलो किंवा दहा छिद्रांचा’ असे शब्द आहेत. तोंडाचे वाद्य असल्याने दुकानदार ते फुंकू देत नाहीत ही अडचण खरी आहे. काही ठिकाणी तपासणीसाठी छोटा भाता ठेवलेला असतो, तो मागावा, आणि तोही नसेल तर वाजत नसलेला नग बदलून देण्याचे बिलावर लिहून घ्यावे.

भाच्याचे जुने वाद्य अजून घरात असेल, तर एक विनंती आहे. ते त्याच्याच हाती द्या, ओठ सैल ठेवायला सांगा, आणि दुसरे छिद्र गालांनी न खेचता, जांभई देताना घसा उघडतो तसा उघडून पोटातून सावकाश श्वास घेत ओढायला सांगा. पंचम वाजला की नाही, ते येथेच कळवा. नाही वाजला, तर खालचा पत्रा काढून त्या रीडचा जवळून फोटो पाठवा. टोक किती उचलले आहे ते पाहून काय करायचे ते सांगतो.